मंजूर झालेली आजीबाई

सान अन्सेल्मोच्या पेरू-जत्रेत दुकान लावू इच्छिणाऱ्या प्रत्येक उत्पादकाने अर्जासोबत कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली तीस सेकंदांची जाहिरात जोडणे बंधनकारक राहील, असे परिपत्रक जुलैत निघाले. लहान उत्पादक जगाच्या मागे पडू नये, हा त्यामागचा उदात्त हेतू होता. जग कुठे चालले आहे, याचा परिपत्रकात उल्लेख नव्हता.

ओतिलिया रुएदा, गावाच्या आदराच्या बोलीत दोन्या ओतिलिया, एकतीस वर्षे त्या जत्रेत बोकादियो विकत आल्या होत्या. पेरूचा गर आणि साखर तांब्याच्या कढईत आटवायची, थापून लालसर वड्या पाडायच्या आणि बिहाओच्या पानात गुंडाळायच्या, एवढेच त्यांचे शास्त्र. वर्षाची निम्मी विक्री जत्रेच्या एका दिवसात व्हायची. यंदाही चारशे पेट्या बांधून तयार होत्या. तेव्हा नवऱ्याला, हेराक्लिओला, बरोबर घेऊन त्या जाहिरात सुविधा केंद्रात गेल्या.

केंद्रात दोक्तोर बेनावीदेस संगणकासमोर बसले होते. ते कशाचेच डॉक्टर नव्हते. टाय लावत, तेवढे गावाला पुरेसे होते.

"उत्पादनामागची भावना सांगा," ते म्हणाले.

"पेरू रटरटायला लागला की उडतो. हात भाजतो."

"ही भावना होत नाही, दोन्या ओतिलिया. यादीत बघा. वारसा, माया, सूर्यास्त."

"मग माया टाका," हेराक्लिओ म्हणाला. "भाजण्याच्या जवळची तीच आहे."

यंत्राने चार मिनिटांत जाहिरात काढली. जांभळ्या फुलांच्या शेतात कापसासारख्या केसांची एक गोरीपान आजीबाई उभी होती. पेरू आपण होऊन तिच्या टोपलीत पडत होते. मागे व्हायोलिन गळा काढत होते, आणि सान अन्सेल्मोत आजवर कुणी बोलले नसेल अशा मुलायम माद्रिदी ढंगात एक पुरुष सांगत होता, "आठवणींना स्पर्श करा." आजीबाईच्या हातातल्या वडीतून वाफा निघत होत्या. त्या हाताला सहा बोटे होती.

"ही कोण बाई?" ओतिलियाने विचारले.

"तुम्हीच."

"माझे केस काळे आहेत. आणि ते जास्तीचं बोट?"

"यंत्रानं तुमचा अनुभव विचारात घेतला असणार," बेनावीदेस म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

जाहिरात तुफान चालली. आठवड्याभरात जत्रेच्या निरीक्षक सेन्योरा किंतेरो घरी हजर झाल्या. त्यांनी एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातात वडी, आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले.

"वाफ कुठाय?"

"थंड झाल्याशिवाय वडी पाडताच येत नाही हो."

"म्हणजे उत्पादन जाहिरातीशी विसंगत आहे. ही ग्राहकाची फसवणूक झाली."

"मग जाहिरात बदला ना!"

किंतेरोबाईंनी चष्मा काढून पुसला. "जाहिरात मंजूर झालीय, दोन्या. तुमची वडी कुठे मंजूर झालीय?"

या मुद्द्यावर कायदा स्पष्ट होता. अखेर गल्ल्यामागे पाण्याचे आधण सतत उकळते ठेवावे, या अटीवर वडीला तात्पुरती सूट मिळाली.

जत्रेच्या सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने पास पाहिला. पासावर आजीबाईचा फोटो होता.

"या बाई कुठायत?"

"मीच ती."

पहारेकऱ्याने तिचे केस पाहिले, मग बोटे मोजली. न्याय व्हावा म्हणून दोनदा मोजली. "पाचच आहेत. बाजूला व्हा."

बेनावीदेस धावत आले. मूळ व्यक्ती उपलब्ध नसल्यास अधिकृत प्रतिकृतीला प्रवेश देता येतो, अशी तरतूद त्यांनी शोधून काढली. फक्त प्रतिकृती हुबेहूब हवी. ओतिलियाच्या डोळ्यांत पाणी आले, पण गाडीत चारशे पेट्या उन्हात तापत होत्या. हेराक्लिओने औषधाच्या दुकानातून कापूस आणून बायकोच्या केसांवर बसवला, पेटी फोडून एका वडीचे बोट वळले आणि तिच्या करंगळीशेजारी चिकटवले.

"अहो, हात जास्त हलवू नका," तो म्हणाला. त्या भागात नवरा-बायको एकमेकांना अहो-जाहोच करतात; कुत्र्यालाही करतात.

पहारेकऱ्याने सहापर्यंत मोजले आणि सलाम ठोकला.

दुकानापुढे झुंबड उडाली. लोकांनी वाफेबरोबर फोटो काढले, बोटाबरोबर फोटो काढले आणि पुढे गेले. दुपारी परीक्षक आले आणि अस्सलपणाचे पहिले पारितोषिक देऊन निघाले.

"एक तुकडा खाऊन तर बघा," ओतिलिया म्हणाली.

"चव व्यक्तिसापेक्ष असते," परीक्षक म्हणाले. "तिला आम्ही गुण देत नाही."

तेव्हा मात्र तिचा संयम सुटला. तिने कापूस उपटून फेकला, बोट तोडून गल्ल्यावर आपटले आणि एका पेटीवर चढली. "मी ओतिलिया रुएदा! मी म्हातारी नाही, गोरी नाही, त्या जांभळ्या फुलांचं मला नावही ठाऊक नाही! एकतीस वर्षं हे हात भाजलेत, नीट बघा!"

सारी जत्रा तिच्याकडे वळली. मग दीडशे फोन वर गेले.

"फारच सुंदर, बाई," गर्दीतून कुणीतरी म्हणाले. "पुन्हा एकदा म्हणता? जरा उजेडाकडे तोंड करून."

संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्या भाषणाखाली व्हायोलिन घातले होते आणि तिचा आवाज माद्रिदचा करून टाकला होता. बेनावीदेस यांनी ती चित्रफीत पुढच्या वर्षीचा आदर्श नमुना म्हणून जागच्या जागी मंजूर केली.

तीनशे नव्वद पेट्या परत गाडीत चढल्या. वाटेत हेराक्लिओ म्हणाला, "आज तुम्ही फार छान बोललात."

"तुम्ही तरी फोन काढला नव्हता ना?"

तो गाडी चालवण्यात फारच गुंग असल्यासारखा दिसला.

चित्रफीत अर्ध्या देशाने पाहिली, डोळे पुसले, हृदये पाठवली. तुम्हीही इथवर वाचताना ओतिलियाच्या बाजूने मान डोलावली असेल. ही गोष्ट कुणाला पाठवायची, तेही ठरवले असेल. वडी लागते कशी, हे मात्र अजून कुणीच विचारलेले नाही.