बोलका वर्ग आणि मधला खांब

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती. जंगलात शाळा कशाला, असं विचारू नका. हाताची घडी, तोंडावर बोट, आणि ऐका.

शाळा म्हणजे पळसाच्या पानांचं एक मोठं छप्पर होतं. छपराच्या मधोमध आंब्याच्या लाकडाचा जाड खांब होता. त्या एका खांबावर सगळी शाळा उभी होती. शिकवायला होत्या टिटवीबाई. टिटव्या आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आभाळाच्या काळजीत बाईंना छपराकडे बघायला सवड होत नसे.

पूर्वी बाईंच्या वर्गात फार शांतता असे. बाईंनी डोळे वटारले की पोरं हाताची घडी घालत. ज्यांना हात नव्हते ती पंखांची घडी घालत. सापाच्या पोराला हातही नव्हते आणि पंखही नव्हते. ते बिचारं स्वतःचीच घडी घालून बसे.

मग एके दिवशी जंगलाच्या शिक्षण खात्याचं परिपत्रक आलं. त्यात लिहिलं होतं, ‘वर्गातली शांतता हे मागासलेपणाचं लक्षण आहे, असं खात्याच्या नुकतंच लक्षात आलं आहे. यापुढे मुलांना गटांत बसवावं आणि उपक्रम घेऊन बोलतं करावं. एकही मूल गप्प राहता कामा नये.’

सोबत एक तक्ता होता. तक्त्यात तीन रकाने होते. विद्यार्थ्याचं नाव. बोलला का. किती वेळा.

बाई कामाला लागल्या. त्यांनी चार-चार पोरांचे गट केले. प्रत्येक गटाला एक गटप्रमुख दिला, एक वेळ बघणारा दिला आणि एक गुळगुळीत दगड दिला. दगड ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. बोलून झालं की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. जास्त बोलणाऱ्या गटाला पानाचा तारा मिळे.

पहिला उपक्रम होता ‘शेजाऱ्याची ओळख करून द्या’. बेडकाच्या पोरानं दगड घेतला आणि शेजारच्या बगळ्याकडे बघितलं.

“हा बगळा,” तो म्हणाला. “माझे दोन काका याच्या बाबांना माझ्यापेक्षा जास्त जवळून ओळखत होते.”

टाळ्या वाजल्या. बाईंनी तक्त्यात लिहिलं, बेडूक, होय, एकदा.

पंधरा दिवसांत सगळा वर्ग बोलायला लागला. राहिली फक्त यमी.

यमी ही खवल्या मांजराची मुलगी. खवल्या मांजराच्या अंगावर खवले असतात आणि घाबरलं की ते अंगाचा चेंडू करतं. दगड हातात आला की यमी दगडासकट चेंडू होई. मग ती उलगडेपर्यंत गटाचं काम थांबे. तिच्या गटाचा प्रमुख मुंगूस चिडे. वेळ बघणारा ससा पाय आपटे. गटातल्या साळुंकीला तेवढ्या वेळात चार विषयांवर बोलता आलं असतं, ते राहून जाई.

बाई चेंडूपाशी बसून म्हणत, “यमे, एक शब्द बोल गं बाळा. कुठलाही बोल. काहीही चालेल.”

बाई मनानं वाईट नव्हत्या. यमीच्या नावापुढचा ‘नाही’ त्यांना घास गोड लागू देत नसे.

तिसरा उपक्रम होता ‘आपली शाळा’. दगड फिरू लागला.

“आपली शाळा सुंदर आहे,” मुंगूस म्हणाला.

“आपली शाळा सुंदर, स्वच्छ, हवेशीर आणि आदर्श आहे,” साळुंकी म्हणाली.

“आपली शाळा वेळेवर सुटते,” ससा म्हणाला.

दगड यमीकडे आला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. पण त्या दिवशी यमी चेंडू झाली नाही. ती मधल्या खांबाकडे बघत होती. खवल्या मांजरं वाळवी खाऊन जगतात. वाळवीचा वास त्यांना चार झाडांवरून येतो. यमीला तो महिनाभर येत होता, आणि आता तो फारच वाढला होता.

“खांब आतून पोकळ झालाय,” ती हळूच म्हणाली. “वाळवीनं खाल्लाय. छप्पर पडेल.”

साळुंकी ओरडली, “बाई! यमी बोलली!”

सगळा वर्ग उभा राहिला. एवढ्या टाळ्या त्या शाळेत कधी वाजल्या नव्हत्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी यमीला पंखांखाली घेतलं आणि गटाला दोन तारे दिले.

शाळा सुटल्यावर बाई स्वतः यमीच्या आईच्या बिळापाशी गेल्या.

“तुमची यमी आज बोलली हो!”

“अगं बाई! काय बोलली?” आईनं विचारलं.

“तीन वाक्यं,” बाई म्हणाल्या. “तिन्ही पूर्ण.”

दुसऱ्या दिवशी यमीनं आपणहून दगड मागून घेतला आणि तेच पुन्हा सांगितलं. मुंगसानं नियमांचं पान काढलं.

“नियम पाच,” तो म्हणाला. “प्रत्येकाच्या मताचा आदर करावा. खांब पडेल असं तुझं मत आहे. आम्ही त्याचा आदर करतो. खांब पडणार नाही असं आमचं मत आहे. तू आमचा आदर कर.”

“अरे, पण खांब पोकळ आहे!”

“मतदान घेऊ,” ससा म्हणाला. “वेळ कमी आहे.”

तीन विरुद्ध एक मतानं खांब भक्कम ठरला.

यमी बाईंकडे गेली. “बाई, तो खांब पडणार आहे.”

“किती सुटसुटीत बोलायला लागलीस!” बाई म्हणाल्या आणि तक्त्यात ‘सहा’ खोडून ‘सात’ केलं. यमीच्या सन्मानार्थ पुढचा उपक्रम त्यांनी ‘खांबाचे उपयोग’ असा ठेवला. साळुंकीनं अकरा उपयोग सांगितले.

मग तपासणीचा दिवस उजाडला. अधिकारी म्हणून गवासाहेब आले. गवासाहेबांचं वजन खात्यातही होतं आणि तसंही होतं. बाईंनी त्यांना तक्ता दाखवला. ‘नाही’ एकही नव्हता.

“आणि साहेब, ही आमची यमी. महिन्याभरापूर्वी तोंड उघडत नव्हती. बोल, यमे.”

यमी पुढे आली. तिनं साहेबांच्या डोळ्यांत बघितलं.

“साहेब, त्या खांबाला टेकू नका. तो पडेल. सगळ्यांना बाहेर काढा.”

“वा!” साहेब म्हणाले. “काय धीटपणा! आणि उच्चार किती स्वच्छ!”

टाळ्या वाजल्या. साहेबांच्या पाठीला खाज सुटली. शेरा लिहिता लिहिता ते खांबाकडे सरकू लागले.

यमीनं वर्गाकडे बघितलं. मुंगूस, ससा, साळुंकी, बेडूक, सगळे हसऱ्या चेहऱ्यानं टाळ्या वाजवत होते. ती इतके दिवस गप्प बसली होती, त्यामुळे कोण कशानं हलतं हे तिला पाठ होतं. तिनं दगड डोक्यावर धरला आणि ओरडली,

“उपक्रम! सगळ्यांनी चेंडू होऊन बाहेरच्या चिंचेपर्यंत लोळत जायचं! पहिल्या गटाला पाच तारे!”

आख्खा वर्ग क्षणात बाहेर लोळत सुटला. सापाच्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा शर्यतीत आघाडी घेतली. नोंद करायला बाई मागून उडत गेल्या. सगळ्यात शेवटी यमी लोळत निघाली.

आत गवासाहेबांनी खांबाला पाठ घासली.

आवाज फार मोठा झाला नाही. वाळवीनं खाल्लेलं लाकूड ‘भुस्’ करून बसतं. छप्पर मात्र सगळंच्या सगळं खाली आलं. बऱ्याच वेळानं त्यातून दोन शिंगं वर आली. साहेबांना मुका मार लागला होता.

चौकशी तिथल्या तिथेच झाली.

“खांब पोकळ आहे हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?” साहेबांनी विचारलं.

“यमीनं सांगितलं की हो!” बेडकाच्या पोराला एकदम आठवलं.

साहेबांनी तक्ता मागवला. यमी, होय, एकोणीस वेळा. पुढे कागद संपला होता.

“ती काय बोलली याची नोंद नाही,” साहेब म्हणाले. “तेव्हा ती बोलली, एवढंच सिद्ध होतं.”

त्यांनी निकाल दिला. पडझडीच्या वेळी सगळा वर्ग विनापरवानगी बाहेर होता, म्हणून टिटवीबाईंना ताकीद. घटनेचं प्रभावी वर्णन केल्याबद्दल साळुंकीला जिल्ह्याचं संवाद पारितोषिक.

दुसऱ्या दिवसापासून शाळा चिंचेखाली भरू लागली. पुन्हा गट झाले, पुन्हा दगड फिरला. यमी दगड घेई आणि तसाच पुढे देई. चेंडू होत नसे, रुसतही नसे. सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नसावं, असं सगळे धरून चालले.

एका दुपारी शाळा सुटल्यावर बाई तिच्याजवळ येऊन बसल्या. तक्ता त्यांनी आणला नव्हता.

“यमे,” त्या म्हणाल्या, “तू पहिल्यांदा बोललीस तेव्हा मी तुला पंखांखाली घेतलं. तू काय सांगत होतीस ते ऐकलंच नाही गं. चुकलं माझं.”

यमीनं मातीत नखांनी रेघा ओढल्या.

“मला खूप भीती वाटत होती, बाई,” ती म्हणाली. “खांबाची नाही. टाळ्यांची.”

मग ती बोलत राहिली. आईबद्दल बोलली, मुंगसाबद्दल बोलली, जमिनीखाली पाणी चालतं तेव्हा कसा आवाज येतो तेही सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही शाबासकी दिली नाही. उन्हं चिंचेपलीकडे गेली तरी दोघी तिथेच होत्या.

बाईंना त्याची चटक लागली. त्या रोज एकेका पोराजवळ बसू लागल्या. तक्ते कोरे जाऊ लागले. खात्यानं तीन वेळा विचारणा केली आणि चौथ्यांदा बाईंची बदली केली. नव्या शाळेत, दलदलीच्या पलीकडे, अजून एकही विद्यार्थी नाही. तिथे बाईंची कामगिरी समाधानकारक आहे, असं कळतं.

तात्पर्य : मुलांनो, बोलत जा. एकेकटे बोला, गटानं बोला, दगड घेऊन बोला. पण कुणाचं ऐकत बसू नका. खांब पडायचा तो एकदाच पडतो. तक्ता रोज भरावा लागतो.