म्हात्र्यांचं डोपामिन

माझे पती अरविंद शनिवारी सकाळी गेले. शेजारचे म्हात्रे आले, अरविंदकडे पाहून मला म्हणाले, "वैनी, डोपामिन संपला."

सांत्वनाची इतकी वाईट सुरुवात मी पुस्तकातही वाचलेली नाही. पण म्हात्र्यांचं सगळंच डोपामिनपासून सुरू होई. उलव्यातल्या त्यांच्या शेतांवर टॉवर उभे राहिले, हाताला काम उरलं नाही, आणि हे गृहस्थ मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून मेंदूतज्ज्ञ झाले. वॉचमन पेंगला, डोपामिन कमी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण झालं, डोपामिन जास्त. स्वतःच्या ढेरीचं खापरही त्यांनी त्यावरच फोडलं होतं.

अरविंदना पार्किन्सन झाल्याचं कळलं आणि म्हात्र्यांना हक्काचा विद्यार्थी मिळाला. डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं होतं, की मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत चालल्यात, म्हणून हालचाल मंदावते, पाऊल अडतं. म्हात्रे तेच रोज संध्याकाळी तासभर सांगत. "गोली टायमावर घ्या, सायेब. बाकीच्या पेशी हायेत अजून. त्यांना कामाला लावू." जणू पेशी म्हणजे त्यांचे भाडेकरू! सोसायटीत त्यांचं भाषण शेवटपर्यंत ऐकणारे अरविंद एकटेच. त्यांना चटकन उठून जाता येत नसे.

एकदा लिफ्टमधून बाहेर पडताना अरविंदचे पाय दारातच थिजले. दार मिटू पाहत होतं, मी हात धरून ओढत होते. म्हात्र्यांनी मला बाजूला केलं, मोबाइलवर हळदीचं गाणं लावलं आणि ढेरी हलवत उलट्या पावलांनी नाचू लागले. "चला सायेब, नवरदेव तुमीच!" तालावर पाऊल उचललं गेलं. अरविंद चक्क हसले. मग रोज बागेत जाताना हीच वरात. पुढे म्हात्र्यांचा ओंगळ नाच, मागे मान खाली घालून मी.

दिवसकार्य आटोपल्यावर म्हात्रे पुन्हा संध्याकाळी दारात.

"आता काय काम?" मी विचारलं.

"काय नाय, वैनी. माजी पोरं तिघं याच कॉम्प्लेक्समधे हायेत. मना लिफ्टमधे बघितला का जिन्यानं जातात. सायेब तेवढे ऐकायचे."

"त्यांना उठता येत नव्हतं, म्हात्रे."

"म्हाईत हाय मना," म्हात्रे म्हणाले.

ते अजून रोज येतात. मी चहा करते. आम्ही फारसं बोलत नाही.