सहाव्या बाटलीचा वास

टेबलावर बॅगेतून काढलेल्या सहा बाटल्या होत्या, वास घ्यायच्या कागदाच्या अठरा पट्ट्या होत्या आणि नाकसाहेबांच्या नाकात दोन स्प्लिंट होते. स्प्लिंट तेवढे कुणाला दिसत नव्हते.

साबणाच्या कारखान्यात नव्या साबणाचा वास ठरवणं हे त्यांचं काम. चार दिवसांपूर्वी त्यांच्या नाकातलं वाकडं हाड सरळ केलं होतं. ते जागेवर राहावं म्हणून डॉक्टरांनी आत सिलिकॉनचे हे दोन मऊ तुकडे बसवले होते. खरं तर घरीच थांबायचं; पण मालकीणबाई त्यांना नोकरीत कायम करायचं की नाही, ते आजच ठरवणार होत्या. आणि बुजलेलं नाक कोण कायम करणार?

खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं आलं होतं. नाकसाहेबांना सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं वाटत होतं. माणसं संथ हलत होती, वास तर जगातून उठूनच गेला होता. मग त्यांनी पॅकिंगच्या मावशींना बोलावलं. आपण नुसती मान डोलवायची आणि निरीक्षण करायचं ते मावशींच्या चेहऱ्याचं.

पहिल्या बाटलीला मावशींची भुवई चढली. दुसरीला त्या शिंकल्या. तिसरीला त्यांना धाकटी नणंद आठवली, आणि ती आठवण काही बरी नव्हती. पाचवीपर्यंत त्यांचं डोकं ठणकायला लागलं. सहावी पट्टी नाकाशी नेली मात्र, त्यांचे खांदे सैल पडले, डोळे मिटले आणि मिटलेलेच राहिले.

"काय वाटतंय, मावशी?"

"काहीच नाही हो," मावशी कुठून तरी लांबून म्हणाल्या. "किती बरं वाटतंय."

मालकीणबाईंनीही हुंगलं आणि त्या उन्हाकडे बघत राहिल्या. "बाकीचे अंगावर येतात. ह्याच्यात संयम आहे. नाकसाहेब, तुमचं काय?"

"हाच." आवाज चोंदलेला होता. मालकीणबाईंना वाटलं, गहिवरले.

त्यांनी तिथल्या तिथे नाकसाहेबांना कायम करून टाकलं आणि बाटली तपासणीला पाठवली. ह्याच वासाचा हजार किलो साबण करायचा होता.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. नाक धुतलंत का, तिने विचारलं. डॉक्टरांनी दिलेली पिचकारी गळत होती, म्हणून तिने सकाळी तिच्यातलं पाणी त्यांच्याच बॅगेतल्या एका रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं होतं.

"तुमच्या नमुन्याच्या बाटल्यांसारखीच दिसते ती," ती म्हणाली. "घोळ घालू नका म्हणजे झालं."

साडेचारला प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाणी ९९.१ टक्के, मीठ ०.९ टक्के.