हर्षदशेठचा टेंपो आणि रावजींचं गाऱ्हाणं

"दीपप्रज्वलन काय, सगळेच क्लब करतात. प्रांतपाल साहेब साताऱ्याचे आहेत, त्यांना आपण गाऱ्हाणं ऐकवू!" असं हर्षदशेठ मोठ्या उत्साहात म्हणाले आणि तिथेच त्यांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

हर्षदशेठ हे रत्नागिरीच्या 'किनारा सेवा क्लब'चे अध्यक्ष. पोटापाण्याचा धंदा हापूसच्या पेट्यांची वाहतूक. टेंपो एकच, मालकही तेच आणि ड्रायव्हरही तेच. यंदा क्लबने मनावर घेतलं होतं, की घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी डोक्याकडून वर-खाली होणाऱ्या खाटा घ्यायच्या आणि ज्याला लागेल त्याला फुकट वापरायला द्यायच्या. निधीसाठी घावण्यांचं जेवण ठेवलं होतं आणि त्याला क्लबचे प्रांतपाल पाहुणे म्हणून येणार होते. तिकिटं सचिव वेदिकाताईंनी खपवली. त्या दातांच्या डॉक्टर. खुर्चीत आ वासून बसलेल्या माणसाला 'नको' म्हणता येत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

गाऱ्हाण्यासाठी आतल्या गावातून मानकरी रावजींना आणलं. ते आल्या आल्या हर्षदशेठकडे गेले. शेठ तेव्हा घावण्याच्या तव्याशी झटत होते.

"शेट, देवाकडं मागू काय काय?"

"मागा हो काय ते! सढळ हातानं मागा. आपल्या खिशातलं थोडंच जातंय?"

रावजींनी मान डोलावली. सांगितलेलं काम चोख करायचं, ही त्यांची जुनी खोड.

सभा भरली. रावजी नारळ घेऊन उभे राहिले. "हे काय असतं?" प्रांतपालांनी हळूच विचारलं.

"ते देवाला सांगणार आणि आपण सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं," वेदिकाताई म्हणाल्या. "पण जपून हं. एकदा म्हटलं की तो देवापुढे दिलेला शब्द."

"बा देवा म्हाराजा!" रावजींचा आवाज माइकशिवायच हॉलभर घुमला. "आज जी काय तुजी लेकरं हितं जमलीत, त्यांची सेवा मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा!"

"कुनाची वाईट-वाकडी नजर आसल, ती बारा वाटांनी पळवून लाव."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या खाटा म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या दारात पोचूं देत. आनि त्या पोचवायला ह्यो आमचा हर्षदशेट, आपला टेंपो घेऊन, पैसा न घेता, ऐन आंब्यातसुदीक, हाक मारल तवा हजर ऱ्हाऊं दे!"

"व्हय म्हाराजा!!"

हॉल दणाणला. त्यात हर्षदशेठचाही आवाज होता. कोकणी माणसाची जीभ गाऱ्हाण्यात आधी होकार देते, डोकं मागाहून येतं. त्यांचं डोकं आलं तोवर नारळ फुटला होता.

"असा अध्यक्ष मी अख्ख्या प्रांतात पाहिला नाही!" प्रांतपालांनी त्यांना मिठीच मारली. लोकांनी मग घावणे खाता खाता देणग्याही दिल्या. वेदिकाताईंनी शेठचा मोबाइल नंबर त्याच संध्याकाळी गावोगावच्या ग्रुपवर टाकला.

पुढे आंबा सुरू झाला आणि शेठच्या तोंडचं पाणी पळालं. इकडे बागायतदार पेट्या भरून खोळंबलेले, तिकडे खाटेसाठी बोलावणं. एकदा पेट्यांवर खाट बांधून ते चिपळूणला निघाले, तर वाटेत लोक पेशंट कुठे आहे म्हणून टेंपोत डोकावू लागले. पेट्या भराव्यात तर रावजींच्या वाडीतल्या गोदाआजींची खाट राहायची. ती पोचवायला गेले, तेव्हा व्यापाऱ्याचा फोन सारखा वाजत होता. शेठनी घाईघाईने खाट मांडली, दांडा फिरवला. आजींचं डोकं वर आलं, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना खिडकीतून बाहेरचं दिसलं.

"आगो बाय, फणस धरलाय की!" आजी म्हणाल्या. "कोन बोल्लाच नाय मला!"

शेठनी फोन बंद केला, चहा घेतला, तीनदा दांडा फिरवून दाखवला. त्या दिवसाचं भाडं मात्र दुसऱ्याच टेंपोवाल्याला गेलं.

घरी बायकोनं, दिशानं, ऐकून घेतलं. "मग सोडवून घ्या ना शब्द. रावजींनाच विचारा."

"येतो की सोडवता," रावजी म्हणाले. "पुना गाऱ्हानं घालायचं. पर सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' बोल्लं पायजे."

पुढच्या रविवारी रावजींच्या अंगणात क्लबची मंडळी जमली. ज्यांच्याकडे खाटा गेल्या होत्या, त्या घरांतलीही माणसं आली. हर्षदशेठ मान खाली घालून उभे होते.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकराला दिल्येला शब्द झेपत नाय. त्याला त्यातून मोकळा कर!"

कुणी ब्रही काढला नाही. वेदिकाताई आभाळाकडे बघू लागल्या. गोदाआजींच्या सुनेनं पदर तोंडाला लावला.

"शेट, शबुद तुमचा हाय, तुमी एकटं बोल्लाव तरी चालंल," रावजी म्हणाले.

हर्षदशेठनी तोंड उघडलं. समोर सगळे त्यांच्याकडे बघत होते, रागानं नाही, मायेनंच. तेच तर वाईट. त्यांनी तोंड मिटलं.

"रावजीकाका," दिशा पुढे झाली, "ते ऱ्हाऊ दे. देवाकडे सरळ मागा, ह्यांना दुसरा टेंपो मिळू दे!"

रावजींचा चेहरा उजळला. "बा देवा म्हाराजा! हर्षदशेटला दुसरा टेंपो मिळूं दे!"

"व्हय म्हाराजा!!" अंगण दणाणलं. सगळ्यात मोठा आवाज हर्षदशेठचा. छातीवरचा दगडच उतरल्यासारखं त्यांना झालं, आणि त्या आनंदात ते हात जोडून, डोळे मिटून तसेच उभे राहिले.

"आनि त्योसुदीक ह्याच कामाला लागूं दे!" रावजींनी पुढे जोडलं.

"व्हय म्हाराजा!" हर्षदशेठ सगळ्यांच्या आधी ओरडले.