गफूरमामूंचा दिक्पात

गफूरमामूंना उत्तर दिशा बघायची असली की ते लातूरच्या भर बाजारात रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहतात. दुकान लोखंडी सामानाचं. आत सळया, पत्रे, साखळ्या. होकायंत्राची सुई तिथे कधी सळयांकडे वळते, कधी तिजोरीकडे. त्यामुळे बाहेर यावं लागतं.

"मामू, मरायचं हाय का?" रिक्षावाले ओरडतात.

"थांब रे. सुई ठरू दे."

मी मागच्या गल्लीत राहतो. घराचं बांधकाम चालू असताना बिजागऱ्या घ्यायला गेलो होतो.

"दाराचं तोंड कुठं?"

"पूर्वेला."

"दिक्पात धरला का?"

धरला नव्हता. मग मला समजावून सांगण्यात आलं. सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. खरी उत्तर जरा बाजूला असते. दोन्हींमधला कोन म्हणजे दिक्पात. तो जागेप्रमाणे बदलतो, शिवाय वर्षागणिक सरकतो. घरी येऊन मी तपासलं. सगळं बरोबर होतं. फक्त आपल्याकडे तो एका अंशाहूनही कमी असतो, हे मामूंनी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते त्यांच्या निदर्शनास आणलं.

"कमी हाय म्हणून सोडायचा? मापात पावशेर कमी दिलं तर सोडता का तुम्ही?"

मी सोडत नाही. विषय संपला.

दिक्पात हा शब्द आणि ते होकायंत्र, दोन्ही त्यांच्या मुलीकडून आलेली. शबाना भूगोल शिकली, भोकरला शिक्षिका झाली आणि तिथेच स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. दिक्पातावर मामू कितीही बोलतात. शबानाचं नाव काढलं की बिजागऱ्या पुसायला घेतात.

परवा दुपारी मी खिळे घेत असताना त्यांच्या बहिणीचा फोन आला. "शबानाला मुलगी झाली," एवढं मलाही ऐकू आलं. मामूंनी फोन ठेवला, होकायंत्र उचललं आणि रस्त्यावर गेले. खिळ्यांची पुडी घेऊन मीही गेलो. सुई ठरली, पण मामू ईशान्येकडे तोंड करून उभे.

"मामू, उत्तर तिकडे."

"ठाव हाय. भोकर इकडं हाय." होकायंत्र माझ्यापुढे धरत म्हणाले, "तिथला दिक्पात किती असंल हो?"

"इथल्याइतकाच. सांगण्यासारखा फरक नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

मागे रिक्षांची रांग लागली होती. मामूंनी भरदुपारी शटर ओढलं आणि सगळ्यात पुढच्या रिक्षात बसले.

"स्टँडला घे. भोकरची गाडी धरायची हाय."

"दिक्पात धरून का, मामू?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे," मामू म्हणाले. "गाडी चुकंल."