श्यामकांतांची पेट्रोलनळी

चार वाजता दमदम विमानतळावरून इन्स्पेक्टर सेनबाबू येणार होते आणि तीन वाजले तरी श्यामकांत देवधरांनी स्वतः बांधलेल्या विमानात पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत उतरत नव्हते. पाच मिनिटांत एक गॅलन उतरले तर इंजिन चालवायचा परवाना. नाही तर खिदिरपूरच्या कस्टम्स कचेरीतून सुटल्यावर भवानीपूरच्या गॅरेजात घालवलेल्या चार वर्षांच्या संध्याकाळी पाण्यात.

रविवारपर्यंत सारे ठीक होते. रविवारी वरच्या घरमालकीणबाईंनी, ठाकुरघरात, म्हणजे देवघरात, पेट्रोलचा वास येतो, अशी तक्रार केली. श्यामकांतांनी टाकीच्या झाकणाखाली रबरी चकती बसवली, झाकणातले बारीक छिद्रही डाग देऊन बुजवले. वास थांबला. ते निर्धास्त झाले.

आज पेट्रोल अर्धी बाटली धावले आणि थेंबावर आले. त्यांनी गाळणी बदलली. तांब्याच्या नळीचे एक वळण काढून टाकले. शेवटी नळीला तोंड लावून फुंकले. पेट्रोल पुन्हा थोडे धावले, पुन्हा रुसले. जमिनीवर फुंकता येत होते. आकाशात कोण फुंकणार?

सेनबाबू साडेतीनलाच आले. घड्याळ काढून उभे राहिले. नळी ठिबकत होती, श्यामकांतांचे कपाळही.

चहा घेऊन आलेल्या सरलाबाईंनी दोन्ही पाहिले.

"अहो, तेलाच्या डब्याला तुम्ही एकच भोक पाडता का?"

"हे विमान आहे, सरला."

"असू दे की. वारा आत गेल्याशिवाय आतलं बाहेर कसं यायचं?"

सरलाबाईंनी झाकण फिरवले. टाकीने सुस्कारा सोडला आणि पेट्रोल धो धो आले. गॅलन साडेतीन मिनिटांत भरला.

झाकणावर वायुनळी बसवून तिचे तोंड गॅरेजाबाहेर काढा, एवढे सांगून सेनबाबूंनी फॉर्म उघडला. इंधनव्यवस्था कोणाच्या डोक्यातून निघाली, असा रकाना होता. लोकांची खोटी निवेदने पकडण्यात श्यामकांतांची बारा वर्षे गेली होती. त्यांनी खाली मान घालून पत्नीचे नाव सांगितले.

सेनबाबूंनी ते लिहिले, परवान्यावर शिक्का मारला आणि खालचा नियम वाचून दाखवला: इंजिन पहिल्यांदा चालवताना ज्याची व्यवस्था, त्यानेच आत बसायचे.

"मग कधी बसायचं?" सरलाबाईंनी पदर खोचत विचारले.

विमानात जागा एकच होती.