चौऱ्याऐंशी तिकिटे

जळगाव-धुळे बसमध्ये निवृत्त मुख्य लिपिक रतिलाल नाना आसनस्थ झाले तेव्हा त्यांच्या खिशात एकही नोट नव्हती, आणि या दारिद्र्याचा त्यांना अभिमान होता. होते ते फक्त 'सुखपत्र'. 'सुखयान' नावाच्या बस कंपनीचे हे कार्ड आधी पैसे भरून घेई आणि मग प्रवास, थांब्यावरचा चहा आणि धुळ्यातल्या एका कापड दुकानातली खरेदी चालवी. नानांनी त्यात सहा हजार भरले होते. ते मुलीच्या, मयुरीच्या, शालूचे होते. लग्नाचा बस्ता आज धुळ्यात व्हायचा होता.

"थोडे रोख घेऊ का बरोबर?" असे आता शेजारी बसलेल्या पत्नी कोकिळाबाईंनी सकाळी विचारले होते. उत्तरादाखल त्यांना चलनाच्या भवितव्यावर अर्ध्या तासाचे व्याख्यान मिळाले. त्या व्याख्यान ऐकता ऐकता भाजी निवडत होत्या, त्यामुळे वेळ अगदीच वाया गेला नाही.

पलीकडच्या बाकावर व्याही तोताराम आबा आणि त्यांच्या पत्नी मंदाबाई बसले होते. धुळ्याचे हे दांपत्य तारीख ठरवायला आदल्या दिवशी जळगावला आले होते. आबांकडेही सुखपत्र होते. नानांनी फोनवर आपल्या कार्डाचा तीनदा उल्लेख केल्यानंतर आबांनी ते काढले होते. याहून वेगळे कोणतेही कारण शोधण्यात अर्थ नाही.

वाहक प्रेमराज यंत्र घेऊन आला. "किती?"

"चार धुळे," नाना म्हणाले आणि कार्ड टेकवले. यंत्र किणकिणले. चार तिकिटे बाहेर आली.

"हाई काय नाना? मी शे ना," असे आपल्या अहिराणीत म्हणत आबांनी कार्ड टेकवले. यंत्र किणकिणले. आणखी चार तिकिटे बाहेर आली.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे तिकिटासाठी दोघांनी नोटा पुढे केल्या की वाहक एकाची घेतो आणि दुसऱ्याची परत करतो. ज्याची परत येते त्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसते आणि खिशात समाधान राहते. शेकडो वर्षांची ही सभ्यता एका माणसाच्या तारतम्यावर उभी होती, आणि यंत्र बनवणाऱ्यांनी नेमके तेवढेच वगळले होते. दोन्ही व्याह्यांची मात्र प्रामाणिक समजूत अशी की शेवटी जो टेकवील त्याचेच पैसे जातील, आधीच्याचे परत होतील. म्हणून शेवटचे कार्ड आपले असावे, एवढाच प्रश्न उरला.

"तुम्ही पाहुणे आहात आमचे," नाना. किणकिण.

"पाहुणा काल व्हतु. आते बस धुळाकडे चालनी," आबा. किणकिण.

"मुलीकडच्यांना लाजवू नका हो."

"लाजानं काय शे त्यामा? तुम्ही बठा."

प्रत्येक वेळी यंत्र दोघांचेही सारख्याच गोडीने आभार मानत होते. "अरे भाऊ, आधीचं रद्द होतंय ना?" नानांनी विचारले.

"आम्हाला दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं," प्रेमराज म्हणाला. "पैसे घ्यायचं पहिल्या दिवशी शिकवलं. परत द्यायचं दुसऱ्या दिवशी होतं. त्या दिवशी उद्घाटन निघालं."

एरंडोलच्या अलीकडे नानांचे कार्ड टेकवल्यावर यंत्राने प्रथमच आभार मानले नाहीत. 'शिल्लक अपुरी' असे ते म्हणाले. आबांनी लगेच अकराव्यांदा कार्ड टेकवून विजयाची मुद्रा धारण केली. नाना खिडकीबाहेर पाहू लागले. मग त्यांच्या डोक्यात एक आकडेमोड सुरू झाली आणि ती जसजशी पुरी होत गेली तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. फेरीला सहाशे. दहा फेऱ्या.

"कोकिळा," ते हळूच म्हणाले, "शालू गेला."

कोकिळाबाईंनी बाकावर पसरलेली तिकिटांची पट्टी गोळा करायला घेतली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यांनी अशी पुष्कळ आवराआवर केली होती.

पारोळ्याला तपासनीस चढला. त्याने यंत्र पाहिले, मग बाक पाहिले. "माणसं चार, तिकिटं चौऱ्याऐंशी. कोणी काढली?"

तासभर ज्या मानासाठी दोघे हातघाईवर आले होते, तो मान दोघांनीही एकदम नाकारला.

"यांनी," नाना म्हणाले.

"मी नही, नानांनीच सुरू करं," आबा म्हणाले.

"पैसे परत मिळतील ना?" मंदाबाईंनी विचारले.

"पैसे परत मिळत नाहीत, अक्का. तिकिटं महिनाभर कधीही वापरा. फक्त दिशा हीच. जळगावहून धुळे. उलटी चालत नाहीत." एवढा दिलासा देऊन तपासनीस उतरून गेला.

बस सुटली. आबा आपल्या कार्डाकडे, नाना आपल्या कार्डाकडे पाहत होते. कोकिळाबाईंनी तिकिटांची लांबलचक पट्टी मांडीवर घेतली, नीट घडी घातली आणि त्या मंदाबाईंकडे वळल्या.

"मंदाताई, तारीख एकवीस दिवसांवर आहे. आमची माणसं ऐंशीच्या आसपास भरतील. लग्न जळगावऐवजी धुळ्यालाच लावलं तर? वऱ्हाड घेऊन आम्हीच येतो."

मंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. मुलीकडचे वऱ्हाड घेऊन मुलाच्या दारी येणार, ही कल्पना आबांना एकदम भारी वाटली. "या ना. बठ्ठा या, सगळं वऱ्हाड."

नानांचे शिष्टाचाराचे रक्त पुन्हा उसळले. "पण मंगल कार्यालय, जेवणं, तो सगळा खर्च आम्हीच..."

"नही नही नाना," आबा सवयीने म्हणाले. "लगन आम्हना गावमा, ते खर्च बी आम्हना."

नाना तोंड उघडून अर्धवट उठले. कोकिळाबाईंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना खाली बसवले.

"आबा एवढं म्हणतात तर करू द्या त्यांना," त्या म्हणाल्या. मग मंदाबाईंना म्हणाल्या, "आज शालू फक्त बघून ठेवू. पुढच्या मंगळवारी मी एकटी येऊन घेऊन जाईन. रोख देऊन."